छातीवरचे नाव

स्थानिक कबड्डी आणि खो-खो स्पर्धांचे निकाल वर्तमानपत्रात अगदी बारीक टाइपात येतात. पुष्कळ वाचक त्यांच्यावरून नुसती नजर फिरवतात आणि शेअरबाजाराकडे वळतात. मी मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. कोण किती गुणांनी जिंकले हे दुपारपर्यंत माझ्या लक्षातही राहत नाही. मला गोडी आहे ती संघांच्या नावांची.

नावावरून काळ ओळखता येतो, मंडळी. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर घ्या. हे नाव वाचले की मारुतीची मूर्ती, मल्लखांब आणि पहाटे पाचला पांघरूण ओढणारे वडील डोळ्यांपुढे उभे राहतात. मग देशाची हवा आली. अमर हिंद मंडळ, जय भारत अशी नावे झाली. पुण्याने नव महाराष्ट्र संघ म्हटले. पुढे महाराजांच्या नावाने शिवशक्ती आली. दरम्यान 'मंदिरा'चे 'मंडळ' झाले होते, मंडळाचा 'स्पोर्ट्स क्लब' झाला, आणि अलीकडे जो तो 'अकॅडमी' काढतो. बैठका पूर्वी मारीत तितक्याच मारायच्या, फक्त अकॅडमीत त्यांची फी पडते.

काही नावे इतकी लांब असतात की ती ठेवणाऱ्यांनी लाउडस्पीकरवाल्याचा विचार केलेला नसावा. 'अमुक तमुक नवतरुण मित्र क्रीडा, कला, सांस्कृतिक व सेवा मंडळ' हे उच्चारीपर्यंत चढाईची तीस सेकंदे संपतात आणि गडी बादही होतो. शिवाय चौदा वर्षांच्या पोराची छाती ती केवढी! 'सांस्कृतिक' काखेखाली जाते आणि 'सेवा' पाठीवर.

'नवतरुण' या शब्दाची आपण थट्टा करतो खरी, पण इटलीतल्या तुरीन शहरी १८९७ साली शाळेतल्या काही पोरांनी फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा त्यांनाही याहून निराळे काही सुचले नव्हते. तारुण्याला लॅटिन भाषेत जो शब्द आहे तोच त्यांनी उचलला: युव्हेंटस. आज ते नाव जगभर दुमदुमते. आपल्याकडचे 'तरुण मंडळ' आणि ते युव्हेंटस एकाच राशीचे.

आणि नुसत्या संघांचेच कशाला, खुद्द खेळालाही बारसे चुकले नाही. माझ्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत 'हुतूतू' होते. महाराष्ट्रात हुतूतू, मद्रासकडे चडुगुडु, बंगाल्यात हाडुडु! दम एकच, मंत्र निरनिराळे. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली ती 'कबड्डी' या नावाने. नियम बांधण्यात महाराष्ट्राने एवढी खटपट केलेली, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळ थेट बर्लिनला नेऊन दाखवलेले, तरीही आपण आपले नाव मागे घेतले आणि सगळ्यांना चालेल ते घेतले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही. घरातल्या मांजराचे नाव बदलायचे म्हटले तरी आपल्याकडे दोन दिवस अबोला असतो.

हे सगळे आठवण्याचे कारण असे की यंदा आमच्या वसाहतीतल्या मुलांनी कबड्डीचा संघ काढला आहे. आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो, पंतनगरापासून पायी दहा मिनिटांवर. (हे पंतनगर गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचे आहे. आमच्या इमारतीतल्या एका चिरंजीवांची मात्र खात्री आहे की ते ऋषभ पंताचे असून त्याला ते एखाद्या शतकाबद्दल मिळाले. नाव कशासाठी ठेवले हे पन्नास वर्षांत लोक कसे विसरतात, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.) मुलांना किशोर गटात खेळायचे होते. त्यासाठी जिल्हा संघटनेत नोंदणी हवी आणि नोंदणीला नाव हवे. मग बोधचिन्ह आणि बनियनचे रंग हे ओघानेच आले. कार्यकारिणीने सभा बोलावली. पाणीपट्टीच्या सभेला गणसंख्येअभावी अर्धा तास थांबावे लागते, या सभेला खुर्च्या कमी पडल्या.

मुलांच्या मनात वाघ होता. वाघ, सिंह, गरुड, नाग यांपैकी काहीही, परंतु इंग्रजीत आणि दात दाखवणारे. त्यांचाही दोष नाही. २००८ साली मुंबई इंडियन्स आले, २०१४ साली कबड्डीची लीग निघाली आणि यू मुंबा आले. त्या मानाने पुणेकर शहाणे. त्यांनी 'पुणेरी' आणि 'पलटण' हे घरचेच दोन शब्द जोडले आणि मोकळे झाले. आमच्या अध्यक्षांना शिवकालीन नाव हवे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचे म्हणणे, आरोग्याशी संबंधित असावे. एका गृहस्थांनी आपल्या कैलासवासी तीर्थरूपांचे नाव सुचवले आणि पंचवीस हजारांचा चेक खिशातून अर्धा बाहेर काढून ठेवला.

विभागातल्या एका पुढाऱ्यांचाही निरोप आला होता. बनियन, चड्ड्या, बूट सगळे त्यांच्याकडून मिळणार होते. अट काही नाही, छातीवर फक्त त्यांचा हसरा फोटो. पोटावर नाव, पाठीवर शुभेच्छा. नंबर कोठे घालावयाचा, असे मुलांच्या कप्तानाने विचारले. कबड्डीत नंबर पुढून आणि मागून दोन्हीकडे दिसावा लागतो. निरोप्या म्हणाला, ते नंतर बघू.

दहीहंडीच्या दिवशी उपनगरातल्या रस्त्यावर उभे राहून पाहा. ट्रकमागून ट्रक जातात. पोरे निरनिराळ्या गल्ल्यांतली, घाम त्यांचा, आणि छातीवर चेहरा भलत्याच माणसाचा. म्हणूनच जोगेश्वरीच्या 'जय जवान' पथकाचे मला कौतुक वाटते. २०१२ साली त्यांनी ठाण्यात नऊ थर लावले आणि गिनीज बुकात गेले. २०२५ साली जोगेश्वरीच्याच 'कोकण नगर' पथकाने दहा थर रचले आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहा रचले. पुरस्कर्ते येतात, जातात. लोकांना दरवर्षी लक्षात राहतात ती हीच दोन-दोन शब्दांची नावे. एकात देशाचा शिपाई आहे, दुसऱ्यात गावाकडची माती.

फोटोवर फुली पडली. तीर्थरूपांचा चेक पुन्हा खिशात गेला. मग चिटणीसांनी सर्वांना पटेल असा तोडगा मांडला: आपल्या सोसायटीचेच नाव द्या. जागा आपली, मुले आपली, आणि पहिल्या वर्षाचा खर्चही सोसायटी करील. टाळ्या पडल्या. आमच्या सौभाग्यवतींनीही वाजवल्या. सभा संपल्यातच जमा होती.

तेवढ्यात कप्तान उभा राहिला. अकरावीतला मुलगा, एरवी मोठ्यांपुढे फारसा न बोलणारा. तो म्हणाला, "काका, पण मग त्याचे काय?"

'तो' कोण हे सगळ्यांना कळले. आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे. तिथला एक पोरगा गेली दोन वर्षे आमच्या मुलांत खेळतो. अंगाने काटकुळा, पण चढाईला गेला की चार जणांच्या हातून गुळासारखा निसटतो. संघ म्हणून जे काही आहे ते निम्मे त्याच्या पायांत आहे. हा पोरगा सरावाला येतो तेव्हा फाटकावरचा पहारेकरी त्याला थांबवतो, आणि त्याने वहीत नाव, वेळ आणि 'कोणाकडे' हे लिहिल्याखेरीज आत सोडत नाही. नियमच आहे तसा, आणि तो आम्हीच केलेला आहे. म्हणजे त्या पोराच्या छातीवर आमच्या वसाहतीचे नाव असणार आणि फाटकावरच्या वहीत रोज संध्याकाळी तो 'पाहुणा' म्हणून सही करणार.

सभेत कोणी काही बोलले नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग अध्यक्ष म्हणाले, "नावात काय आहे, खेळू द्या ना त्याला." विषय पुढच्या रविवारवर गेला.

नावात काय आहे, हे या शहराला कोणी सांगायला नको. मरीन ड्राइव्हने जाताना समुद्राकडे पाठ करून उभे राहा. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना अशी पटांगणे ओळीने दिसतील. एके काळी या शहरातले सर्वांत मोठे क्रिकेट त्याच नावांनी चाले. आधी युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, स्पर्धा चौरंगी झाली. गर्दी अशी की लोक झाडांवर चढून बघत.

हिंदूंच्या संघात पाळवणकर बाळू नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला, तेव्हा त्याने त्या एका दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु तो चर्मकार समाजातला. पुण्यात हिंदूंकडून खेळताना त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलीत, आणि चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. संघाचे नाव 'हिंदू' होते, त्यात तो होता आणि नव्हता. कप्तानपद त्याला कधीच मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली कप्तान झाला, तोही फार वादावादी झाल्यानंतर. आमच्या फाटकावरची वही आणि ते मातीचे भांडे सारखेच, असे मी म्हणत नाही. पण त्या रविवारपर्यंत माझ्या डोक्यातून ते भांडे गेले नाही खरे.

याहून गमतीची गोष्ट १९३७ सालची. चार संघ झाले, मग असे लक्षात आले की या चारांत न बसणारीही माणसे आहेत. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन यांना कोठे घालावयाचे? त्यांचा पाचवा संघ केला, आणि त्याचे नाव ठेवले 'दि रेस्ट'. मराठीत सांगायचे तर 'बाकीचे'. किंवा 'उरलेसुरले' म्हणा. एखाद्या संघाला असे नाव देताना कोणाच्या मनाला काही कसे लागले नाही, देव जाणे! लग्नाच्या पंगतीत यजमान शेवटी ओरडतो ना, "आता बाकीच्यांनी बसून घ्या", तसे.

या बाकीच्यांत सांगलीचा एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ होता: विजय हजारे. १९४३ सालच्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला. हिंदूंनी पाच बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंटांच्या नाबाद २५०. बाकीचे १३३ मध्ये गारद. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांनी एकट्याने काढल्या. धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला तळ ठोकून होता. दोघांनी मिळून ३०० ची भागी केली, तीत विवेकच्या धावा २१. सामना डावाने गेला तो गेलाच. पण पुढे १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी सामना जिंकला, तेव्हा कप्तान कोण होता? हेच हजारे. म्हणजे शहराच्या हिशेबात जो माणूस 'बाकीचा' होता, तो देशाच्या हिशेबात पहिला ठरला. अशा जातवार संघांविषयी गांधीजींनी १९४० सालीच आपली नापसंती जाहीर केली होती. ती स्पर्धा अखेर १९४६ साली बंद पडली.

दुसऱ्या रविवारी मी हे सभेत सांगितले. अध्यक्षांना क्रिकेटचा फार नाद, त्यामुळे पहिली दहा मिनिटे मर्चंट मोठे की हजारे यावरच गेली. नंतर कप्तानाने मुलांचे म्हणणे मांडले. मुलांनी आपसात ठरवूनच टाकले होते. ज्या पटांगणावर ते खेळतात ते भिंतीच्या टोकाला आहे. त्याची एक बाजू आमच्याकडे, एक बाजू वस्तीकडे. त्या पटांगणाला लोकांच्या तोंडी एक जुने नाव आहे, आमच्या इमारती उठण्याच्याही आधीचे. तेच नाव संघाला. त्यात वाघ नाही, पुढारी नाही, कोणाचे तीर्थरूपही नाहीत. सोसायटीने खर्च करायचा की नाही ते सोसायटीने ठरवावे, असेही तो जाता जाता म्हणाला. चिटणीस जरा चिडले. पण मते टाकली तेव्हा हात त्यांनीही वर केला. (ते नाव मी येथे छापत नाही. नोंदणीचे कागद अजून जावयाचे आहेत, आणि या बाबतीत शेजारची मंडळे फार तत्पर असतात.)

फाटकावरच्या वहीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर तो कोणी तरी घातला आहे. कोणी, ते पत्रिकेत लिहिलेले नाही.

राहता राहिले रंग. इथे पुरुषांचे काही चालले नाही. मुलांना पांढरा हवा होता, पांढऱ्यावर अक्षरे उठून दिसतात म्हणून. महिलामंडळाने तो एका वाक्यात उडवला. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पण सराव मातीतच आहे. तांबडी माती पांढऱ्या बनियनला एकदा लागली की ती बनियनबरोबरच जाते. निळा म्हटले तर मुंबई इंडियन्स. भगवा, हिरवा यांना हात लावायला कोणी तयार होईना. ज्याने त्याने त्यांचा आपापला अर्थ लावला असता आणि तिसरी सभा घ्यावी लागली असती. काळा उन्हात तापतो.

रंगाच्या बाबतीत जगात सगळीकडे असाच गोंधळ असतो, असे मी सौभाग्यवतींना सांगितले. कलकत्त्याला १९२० साली ईस्ट बंगाल क्लब निघाला. त्यांचे लाल-पिवळे रंग म्हणे चौरंगीवरच्या एका मोठ्या दुकानात टांगलेला सदरा आवडला म्हणून ठरले. अर्जेंटिनात बोका नावाच्या बंदरातल्या पोरांनी तर असे ठरवले होते म्हणतात की आता जे जहाज पहिले आत येईल त्याच्या निशाणाचे रंग आपले. जहाज आले स्वीडनचे, आणि बोका ज्युनियर्स निळे-पिवळे झाले. आणि त्या युव्हेंटसवाल्यांचे सदरे आधी गुलाबी होते. धुऊन धुऊन त्यांचा रंग उतरला, म्हणून त्यांनी १९०३ साली विलायतेहून नवे मागवले. तिकडून आले नॉटिंगहॅमच्या एका संघाचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. तेच घातले आणि तेच आजवर घालतात.

"म्हणजे तिथेही रंग धुणाऱ्यांनीच ठरवला म्हणा की," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि चकल्यांचा घाणा काढायला आत गेल्या.

शेवटी विटकरी रंग ठरला. बाह्या पिवळ्या. माती लागली तरी कळू नये आणि लांबून मुलगा ओळखू यावा, या दोन्ही अटी त्यात बसतात. संघाला बनियने बारा लागतात, मैदानात उतरतात सात. मुलांनी तेरा शिवायला टाकली. तेरावे कशाला, असे खजिनदारांनी विचारले, तेव्हा कळले की पहारेकऱ्याच्या मुलालाही सरावाला यायचे आहे. तो नऊ वर्षांचा आहे. सगळ्यांत लहान माप घेतले तरी बनियन गुडघ्यापर्यंत येते.

बोधचिन्ह मात्र अजून लटकलेले आहे. फोनवरून वाघाची एकवीस चित्रे आली, त्यांतली बरीचशी मांजरे निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या सहावीतल्या मुलीने, जिला खेळू दिले नाही म्हणून ती रुसून बसली होती, वहीच्या पानावर एक चित्र काढून दिले: जमिनीवर पालथा पडलेला गडी, अंगावर तीन जण, आणि त्याचा एक हात मध्यरेषेकडे लांबवलेला. बोटे रेषेला जेमतेम टेकलेली. कबड्डी पाहिलेल्या कोणालाही तो क्षण सांगावा लागत नाही. मुलांना ते एकदम पसंत पडले. शिंप्याने निरखून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, या हाताला बोटे सहा आहेत."

मोजली तर खरोखरच सहा होती. डॉक्टर म्हणतात एक खोडा. कप्तान म्हणतो, राहू द्या, रेषा लवकर लागेल. चित्रकर्तीने कळवले आहे की एकही बोट खोडल्यास चित्र परत घेण्यात येईल आणि पुढच्या वर्षी मुलींचा संघ निराळा काढण्यात येईल. येत्या रविवारी सभा आहे.